पीएक्सई चालतं, मग विनपीईत नेटवर्क का नाही?

नेटवर्कवरून विंडोज बसवण्यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचा दिवस वाया गेला त्यात माझ्या लेखाचा वाटा आहे, हे आधी मान्य करतो. विनपीई म्हणजे मशीनवर विंडोज बसवण्याआधी चालू होणारं छोटं विंडोज; ते बूट.विम या फाइलमध्ये असतं. 'बूट.विममध्ये नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर घाला' एवढं लिहून मी पुढे गेलो; ड्रायव्हरच कमी पडतोय हे ओळखायचं कसं, ते लिहिलंच नाही. तुम्ही अख्खा ड्रायव्हर पॅक आत घातलात, तरी विनपीईचा लोगो येतो, मिनिटभर थांबतो आणि मशीन रीस्टार्ट होतं. वैताग येणारच.

पण तुमचं एक वाक्य मला पटत नाही: 'पीएक्सई बूट होतंय, म्हणजे नेटवर्क ठीक आहे.' पीएक्सईच्या, म्हणजे नेटवर्कवरून बूट होण्याच्या वेळी कार्ड चालवतं ते मशीनचं फर्मवेअर (मशीनमध्येच बसवलेला मूळ प्रोग्राम). त्याच्याच जोरावर आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मिळतो आणि टीएफटीपीने, म्हणजे फाइल पाठवण्याच्या एका साध्या पद्धतीने, बूट.विम खाली उतरतं. विनपीई उठलं की फर्मवेअर बाजूला होतं. विनपीई आपला ड्रायव्हर लावतं, लिंक (स्विचशी असलेली जोडणी) एकदा पडून पुन्हा वर येते आणि डीएचसीपीकडे (आयपी वाटणाऱ्या सेवेकडे) आयपी नव्याने मागावा लागतो. पहिल्यांदा मिळाला म्हणून दुसऱ्यांदा मिळेलच असं नाही.

माझ्यावर हीच वेळ आली होती. एकाच मॉडेलची मशीन्स. काही टेबलांवर इमेज (विंडोजची तयार प्रत) बिनबोभाट उतरायची, काहींवर तुमच्यासारखंच रीस्टार्ट. मीही आधी ड्रायव्हरच्याच मागे लागलो होतो. मग एफ८ दाबून कमांड प्रॉम्प्ट उघडला आणि आयपीकॉन्फिग ही नेटवर्कची माहिती दाखवणारी कमांड दिली. कार्ड दिसत होतं, पण पत्ता १६९.२५४ने सुरू होणारा, डीएचसीपीकडून काही न मिळाल्यावर विंडोज स्वतःच घेतं तसला. म्हणजे ड्रायव्हर लागला होता, डीएचसीपीचं उत्तर तेवढं आलं नव्हतं. मिनिटभर थांबून 'आयपीकॉन्फिग /रिन्यू' दिलं, तर लगेच खरा आयपी!

कारण स्विचवर होतं. त्या पोर्टांवर जुन्या पद्धतीचा स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये फेरे होऊ न देणारी स्विचची व्यवस्था) चालू होता: लिंक वर आली की १५ सेकंद ऐकण्यात, १५ सेकंद शिकण्यात, आणि तोवर पोर्ट काहीच पुढे पाठवत नाही. पीएक्सईच्या नियमांप्रमाणे फर्मवेअर ४, ८, १६, ३२ अशा वाढत्या सेकंदांनी डीएचसीपीला हाक मारत राहतं, म्हणून तिथे निभावून जातं. विनपीईतली पुढची पायरी तेवढी वाट बघत नाही. खात्री करायला मशीन आणि भिंतीतलं सॉकेट यांच्यामध्ये एक साधा, अनमॅनेज्ड स्विच लावला. आता मशीनची लिंक पडली तरी मुख्य स्विचची पडेना, आणि इमेज पहिल्याच खेपेत उतरली. नंतर त्या पोर्टांवर पोर्टफास्ट (ही वाट न बघता पोर्ट लगेच चालू करणारी सेटिंग) लावून घेतलं.

तेव्हा तुम्ही आधी आयपीकॉन्फिग बघा. तुम्ही मायक्रोसॉफ्टचं कॉन्फिगरेशन मॅनेजर वापरत असाल, तर बूट इमेजवर (बूट.विमवर) कमांड सपोर्ट आधीच चालू केलेला हवा, नाहीतर एफ८ दाबून काही होणार नाही. कमांड प्रॉम्प्टची खिडकी उघडी असेपर्यंत मशीन रीस्टार्ट होत नाही, त्यामुळे घाई नको. कार्डच दिसत नसेल तर दोष ड्रायव्हरचा, आणि तिथे माझा मूळ सल्ला लागू पडतो. मात्र हार्डवेअर आयडी (कार्डाचा ओळख क्रमांक) बघून तेवढाच ड्रायव्हर घाला, आणि तोही विनपीईच्या आवृत्तीला चालणारा. उतरवायच्या विंडोजशी त्याचा संबंध नाही. पॅक घालून बूट.विम फुगवू नका. मूळ टीएफटीपी ५१२ बाइटचा एकेक तुकडा पाठवतं आणि प्रत्येकाची पोच मिळेपर्यंत थांबतं. ५०० एमबीची फाइल म्हणजे दहा लाखांवर तुकडे.

आयपी बरोबर असूनही सर्व्हर सापडत नसेल तर मशीनची तारीख बघा. बायोसची बॅटरी गेली की घड्याळ वर्षं मागे जातं आणि ओळख पटवणारी डिजिटल प्रमाणपत्रं नाकारली जातात.

तुम्ही विचारलेला दुसरा प्रश्न, डिस्कच दिसत नाही हा, वेगळा आहे. इंटेलच्या नव्या मशीनवर व्हीएमडी (डिस्क हाताळणारी इंटेलची सोय) चालू असेल, तर विनपीईला त्याचा स्टोरेज ड्रायव्हर लागतो.

आणखी एक विचारतो, राग मानू नका. ड्रायव्हर घातल्यावर बूट.विम कमिट (बदल जतन) करूनच अनमाउंट (बंद) केलं होतं ना? आणि सर्व्हरवरची जुनी प्रत बदलली होती? यातलं एक जरी राहिलं असेल, तर तुम्ही दिवसभर जुनंच बूट.विम तपासत होता.

मूळ लेखात ड्रायव्हरच्या आधी आयपीकॉन्फिगची पायरी आजच घालतो. तुमच्या पडद्यावर कार्ड दिसतं का, पत्ता कोणता आहे आणि रिन्यू केल्यावर तो बदलतो का, एवढं इथेच कळवा.