"सह्याद्री होता म्हणून जिंकले" म्हणे

परत तो फॉरवर्ड फिरतोय. तीन दावे आहेत त्यात: मराठे जिंकले ते फक्त डोंगरामुळे, डोंगरात त्यांना कोणी हरवूच शकत नव्हतं, आणि मैदानात उतरले की लगेच पानिपत. पहिल्यात थोडा दम आहे म्हणून तिथूनच सुरू करतो.

१६६१ ला उंबरखिंडीत मुघल सरदार कारतलबखान अडकला, पुढची वाट बंद, मागची पण बंद, तिथे डोंगरानेच अर्धं काम केलं, मान्य. पण अफजलखान? तो वाईचा सुभेदार राहिलेला माणूस, त्याला जावळी काय नवीन होती का? गड तर आदिलशाहीकडेही होतेच की. खरा प्रश्न होता खोऱ्यातली माणसं कोणाकडे जाणार, आणि ते काही आधी ठरलेलं नव्हतं. एकाच रोहिड खोऱ्यातले कान्होजी जेधे वतनावर पाणी सोडून महाराजांकडे आले आणि खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाले. डोंगर दोघांना तोच.

बरं, डोंगरात अजिंक्य म्हणता तर १६६५ चं पुरंदर विसरलात वाटतं. मुघलांनी आधी शेजारचा वज्रगड घेतला आणि तिथून पुरंदर माऱ्यात आणला, शिवाय मुघल सेनापती मिर्झाराजे जयसिंगांनी राजगड-सिंहगडाखालची गावं जाळायला वेगळं सैन्य धाडलं, म्हणजे गडाला पोसणारा मुलूखच उठवायचा. तहात २३ किल्ले गेले.

आता मैदान. पालखेड, १७२८. वैजापूरकडचा मुलूख आहे तो, नकाशा उघडून बघा सह्याद्रीचा कडा किती लांब आहे. निजामाचा तोफखाना जड, बाजीरावाचे घोडे हलके, त्याने निजामाला इकडेतिकडे नुसतं पळवलं, तोफा मागे पडल्या, मग दाणापाणी तोडलं की झालं, मुंगी-शेवगावला तह.

आणि पानिपत. तिथेही घोळ सपाट जमिनीचा नव्हता हो. ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो मराठे आणि दिल्लीच्या मध्ये येऊन बसला. त्याला धान्य नजीबखानाच्या रोहिल्यांच्या मुलखातून येत होतं, मराठ्यांचे सेनापती सदाशिवराव भाऊंच्या मागे असं आपलं म्हणावं असं कोण होतं? जाटांचा राजा सूरजमल आधीच निघून गेलेला, रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. १४ जानेवारीला फौज बाहेर पडली ती उपाशीपोटी.