सेगफॉल्ट कसा जपावा

पायथॉनमधला एक लूप रेंगाळतो म्हणून तुम्ही तो सी भाषेत लिहिलात, हे उत्तमच केलंत. नमपाय ही आकडेमोडीची तयार लायब्ररी वापरून काम दुपारीच उरकलं असतं, मग संध्याकाळी करायचं काय? पायथॉनला जोडायचं सीमधलं एक्स्टेंशन झालं, वेगही झकास आहे, फक्त अधूनमधून सेगफॉल्ट होतो, म्हणजे मेमरीत नको तिथे हात गेला म्हणून प्रोसेस मरते. घाबरू नका. असा बग नीट जपला तर तुमच्या नोकरीपेक्षा जास्त टिकतो.

आधी रेफरन्स काउंटचं, म्हणजे एखादी वस्तू किती जण धरून आहेत या मोजणीचं (शून्य झाली की वस्तू मोडीत), फार मनावर घेणं सोडा. पायलिस्ट_गेटआयटेम हे फंक्शन उसना रेफरन्स देतं, पायसीक्वेन्स_गेटआयटेम तुमच्या मालकीचा देतं, आणि पायलिस्ट_सेटआयटेम तुमच्याकडचा काढून स्वतःच्या खिशात घालतं. नावं सारखी, व्यवहार तीन तऱ्हेचे. डॉक्युमेंटेशनमध्ये हे स्वच्छ लिहिलंय, म्हणूनच ते उघडू नये. जिथे मनात येईल तिथे हा काउंट एकने कमी करणारं पाय_डेकरेफ टाकावं.

उसनं आणलेलं परस्पर मोडीत काढलं तरी लगेच काही होत नाही, आणि खरी मजा तिथेच आहे. ५१२ बाइटपर्यंतची मेमरी पायथॉन स्वतःच्या साठ्यातून देतो. सुटलेली जागा सहसा ऑपरेटिंग सिस्टिमकडे परत न जाता पुढच्या ऑब्जेक्टला मिळते. म्हणजे तुमचा पॉइंटर जुन्याच पत्त्यावर उभा, घरात मात्र दुसरंच बिऱ्हाड. स्फोट होतो तो बऱ्याच वेळाने, नको असलेल्या वस्तू झाडून काढणाऱ्या गार्बेज कलेक्टरमध्ये किंवा बिचाऱ्या जेसन मॉड्यूलमध्ये. पंचनामा तिथेच करावा आणि ईमेलमध्ये जेसनवर ठपका ठेवून मोकळं व्हावं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

टेस्ट लिहायच्याच असतील तर १, २, ३ असले सोज्वळ आकडे घ्या. −५ ते २५६ हे पूर्णांक सीपायथॉन (म्हणजे नेहमीचाच पायथॉन) आधीच बनवून ठेवतो, आणि २०२३ च्या ३.१२ आवृत्तीपासून ते, नन (म्हणजे ‘काहीच नाही’), ट्रू, फॉल्स असे सगळे अमर झालेत. डेकरेफचा कितीही मारा करा, ढिम्म हलत नाहीत. त्याआधी ननचा काउंट शून्यावर नेलात की इंटरप्रिटर ‘डीअलोकेटिंग नन’ असं ओरडून प्राण सोडायचा. आता तेवढीही बोंब नाही. सगळ्या टेस्ट हिरव्या, आणि २५७ पाठवणारा ग्राहक आडमुठा.

स्क्रीनवर काही छापणारा प्रिंटएफ टाकल्यावर बग नाहीसा होतो? मग तो प्रिंटएफ काढू नका. वर ‘हात लावू नये’ अशी कॉमेंट लिहा. पुढच्या माणसालाही श्रद्धा हवी.

काही अवजारांपासून मात्र जपून राहा. फॉल्टहँडलर मरताना कुठली पायथॉन ओळ चालू होती ते सांगतो. चुका पकडण्यासाठी बनवलेलं पायथॉनचं डीबग बिल्ड मोकळ्या केलेल्या मेमरीत डीडी-डीडी अशी खूण भरून ठेवतं, म्हणजे शिळा पॉइंटर लगेच उघडा पडतो. मेमरीच्या चुका शोधणारं व्हॅलग्राइंड चालवण्याचा फारच आग्रह झाला तर पायथॉनचा स्वतःचा साठा बंद करणारी पायथॉनमॅलॉक=मॅलॉक ही सेटिंग लावायचं ‘विसरा’. पायथॉनच्या स्वतःच्या साठ्याआड चूक लपते आणि व्हॅलग्राइंड तुमच्या बाजूने साक्ष देतो. तो रिपोर्ट मीटिंगमध्ये दाखवायला फार छान दिसतो.

आता थ्रेड. पाय_बिगिन_अलाउ_थ्रेड्सने जीआयएल, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला पायथॉन चालवू देणारं कुलूप, सोडायचा आणि त्याच ब्लॉकमध्ये पायथॉनच्या लिस्टला हात घालायचा. एका थ्रेडवर तुमच्या लॅपटॉपवर सगळं सुरळीत चालतं. २०२४ च्या ३.१३ मध्ये तर जीआयएलविना चालणारं प्रायोगिक बिल्डही आलं. तुम्ही लिस्टमधून उसनं घेत असतानाच दुसरा थ्रेड ती वस्तू काढून टाकू शकतो, म्हणून पायलिस्ट_गेटआयटेमरेफ हे मालकीचा रेफरन्स देणारं फंक्शन त्याच आवृत्तीत दिलंय. कोड जुना आहे, चालतोय, असं म्हणून त्याकडे दुर्लक्ष करावं.

एवढं करूनही वरिष्ठ मागे लागले, तर गुनिकॉर्न या पायथॉनच्या वेब सर्व्हरमध्ये मॅक्स_रिक्वेस्ट्स नावाची सेटिंग आहे. ठरावीक रिक्वेस्टनंतर वर्कर आपोआप नव्याने सुरू होतो, बहुतेकदा मरायच्या आधीच. आकडा हळूहळू कमी करत न्या आणि अप्रेझलमध्ये ‘परफॉर्मन्स ट्यूनिंग’ या रकान्याखाली लिहा.