घाबरलेल्याकडून पूर्ण वसुली

दादानं गोव्यातल्या साखळी गावच्या बाजारातलं झेरॉक्सचं दुकान बंद केलं त्याला दीड वर्ष होत आलं. दुकानात इंटरनेटची लाइन होती, 999 चा प्लॅन, 18 टक्के जीएसटी धरून महिन्याला 1,179 रुपये. बंद करताना दोन महिन्यांचं बिल थकलं होतं, हे आम्ही कधीच नाकारलं नाही. त्यानं कस्टमर केअरला फोन करून लाइन तोडायला सांगितली, पलीकडून "हो सर, झालं" असं उत्तर आलं आणि दादानं ते खरं मानलं. मॉडेम प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकला.

मग श्रावणात वसुलीवाल्यांचा पहिला फोन आला. आकडा 11,453.

दोन आठवडे त्यानं घरात कोणालाच सांगितलं नाही. फोन वाजला की भरल्या ताटावरून उठून मागच्या पडवीत जायचा आणि दबक्या आवाजात "देतो, देतो" म्हणायचा. वहिनीनं मला बोलावलं तेव्हा कळलं.

आमच्या डिचोली-सत्तरी तालुक्यांत वसुली हा शब्द नवा नाही. 2012 साली खाणी बंद पडल्या, 2018 साली पुन्हा. दारात उभे राहिलेले खनिजाचे ट्रक आणि त्यांच्या हप्त्यांसाठी येणारी माणसं आम्ही लहानपणापासून नाही, अगदी कळत्या वयात पाहिली आहेत. बाबांचाही ट्रक होता. तो ओढून नेला तेव्हा अख्खा वाडा बघत होता. त्यानंतर कोणी पैशांसाठी दारात येणार म्हटलं की दादाचे हातपाय गळतात. फोनवरच्या माणसाला हे माहीत नसतं, पण अशी भीती असते एवढं त्याला पक्कं माहीत असतं.

मी वही घेऊन बसले. सात महिन्यांचं बिल 8,253, उशिराचा दंड 700, मॉडेमचे 2,500. म्हणजे दुकानाला कुलूप लागल्यावरही पाच महिने बिल चालूच होतं, आणि मॉडेम तर आमच्या माळ्यावर होता. आम्ही खरोखर वापरलेले महिने दोन, 2,358 रुपये. मात्र लाइन तोडा असं आम्ही लेखी कळवलं नव्हतं. ती चूक आमची, म्हणून आणखी एक महिना आम्ही धरला. तीन महिने, 3,537. यापेक्षा कमी द्यायचं नाही आणि जास्तही द्यायचं नाही, असं दादाला सांगून पुढचा फोन मी घेतला.

पहिल्या दिवशी वसुलीवाला म्हणाला, संध्याकाळपर्यंत भरलं तर 8,000. चार दिवसांनी 6,000. महिनाअखेरीला 5,000 वर आला. मध्ये एकदा पोलीस घेऊन येतो म्हणाला, एकदा व्हॉट्सॲपवर लोकअदालतीची नोटीस पाठवली. ती नोटीस घेऊन मी डिचोलीच्या कोर्टात गेले. तिथून तशी काही नोटीस गेलेलीच नव्हती. बिल थकणं हा गुन्हा नाही, ते दिवाणी देणं आहे, पोलिसांचा त्यात संबंध नाही. पण तुम्ही पुढच्या तारखेचा चेक दिलात आणि तो वटला नाही, तर मात्र खटला होऊ शकतो. म्हणून चेक मागितला तर देऊ नका. "निदान हजार रुपये तरी टाका" म्हटलं तरी घाई करू नका. असं देणं वसूल करायची मुदत साधारण 3 वर्षांची असते, आणि त्या मुदतीत, थोडे पैसे भरताना का होईना, तुम्ही लेखी कबुली दिलीत की ती पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते.

शेवटी वसुलीच्या एजन्सीला बाजूला ठेवून मी थेट कंपनीला लिहिलं. टेलिफोन-इंटरनेट कंपन्यांनी प्रत्येक तक्रारीला क्रमांक द्यायचा आणि समाधान झालं नाही तर त्यांच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, हा ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, 2012 पासूनचा नियम आहे. ग्राहक आयोगाची वाटही मोकळी आहे, सर्वोच्च न्यायालयानं 2022 साली ते स्पष्ट केलं. अपिलात गेल्यावर तीन आठवड्यांत पत्र आलं: सुधारित बिल 3,537. "सेटलमेंट" हा शब्द मी मुद्दाम काढायला लावला, कारण सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, तसा शेरा बसला तर उद्या दादाला कर्ज मागताना आडवा येईल. पैसे कंपनीच्या खात्यात भरले, कोणाच्या वैयक्तिक यूपीआयवर नाही. मॉडेम परत केला आणि पावतीवर त्याचा नंबर लिहून घेतला.

माझा राग पुढे आहे. आठ हजारांचे पाच हजार कशावर झाले? नियम कुठला? आपल्या गोव्यात वीज-पाणी सरकारी खात्यांकडे आहे. थकबाकीसाठी एकरकमी भरण्याची योजना निघते तेव्हा ती जाहीर होते, पेपरात येते, सगळ्यांना एकच हिशेब. इथे मात्र जो तग धरतो त्याला सूट आणि जो घाबरतो त्याच्याकडून पूर्ण वसुली. बँका आणि फायनान्स कंपन्यांच्या वसुलीवाल्यांनी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेनं 2022 साली बजावलंय. तो नियम कर्जाला आहे, बिलाला नाही. का नाही? दादाला रात्री साडेनऊला फोन यायचे. बिलाच्या वसुलीलाही तोच नियम लावा, आणि सूट द्यायची असेल तर ती कशावर देता हे पहिल्याच पत्रात लिहा.

हे सगळं लिहायला बसले ते आमच्या वाड्यावरच्या एका काकीमुळे. मुलगा बोटीवर, त्याचं जुनं मोबाइलचं बिल. काकीनं भिशी उचलून 9,200 रुपये एका दिवसात भरले, कारण फोनवरचा माणूस म्हणाला मुलाचा पासपोर्ट अडकेल. पावतीसुद्धा मागितली नाही. मी विचारल्यावर म्हणाली, "बाये, पोराच्या नोकरीचा प्रश्न होता."

काकीनं आता जुनी बिलं बिस्किटांच्या डब्यातून काढली आहेत. शनिवारी दुपारी आमच्याकडे बसतोय. पैसे कोणाच्या खात्यात गेले ते आधी शोधायचं, मग कंपनीला लिहायचं. आणखी कोणाला असे फोन येत असतील तर आपली बिलं घेऊन या. दादाही असेल.