म्हणजे तुम्हाला असे म्हणायचे आहे का?

आमच्या विभागातील कामे रखडण्याचे मूळ कर्मचाऱ्यांच्या बोलण्याचालण्यात आहे, असा साक्षात्कार वरिष्ठांना झाला आणि सॉफ्ट स्किल्सच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला आम्हा 18 जणांची रवानगी झाली. रखडलेली कामे तेवढी टेबलावर राहिली.

पहिल्याच तासाला पडद्यावर आकडे झळकले: संवादात शब्दांचा वाटा 7 टक्के, आवाजाचा 38 आणि चेहऱ्याचा 55. अल्बर्ट मेहरेबियन यांच्या 1967 मधील प्रयोगांतून आलेले हे आकडे केवळ भावना आणि आवडनिवड व्यक्त करण्यापुरते आहेत, हे सांगण्यासाठी मी बोट वर केले. परंतु अशी बोटे रोखणे आक्रमक देहबोलीत मोडते असे समजल्याने ते निमूटपणे खाली घेतले.

दुपारी रोल प्ले झाला. मी संतप्त ग्राहक आणि आमचे साहेब काउंटरवरचे कर्मचारी. चार वर्षे पोटात साठवलेले सारे काही मी ग्राहकाच्या नात्याने बाहेर काढले. साहेबांनी ‘तुमची गैरसोय मी समजू शकतो’ हे नेमून दिलेले वाक्य तीनदा म्हटले आणि चौथ्या वेळी पाणी मागितले. टाळ्या कडाडल्या. माझा वार्षिक अहवाल साहेबच लिहितात, हे त्या थांबल्यावर आठवले.

समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत परत मांडावे, ही शिकवण मात्र सर्वांच्या अंगी इतकी भिनली की दहा मिनिटांत उरकणारी सकाळची बैठक आता पाऊण तास चालते. ‘फाइल कुठे आहे?’ या प्रश्नाला पूर्वी ‘माहीत नाही’ असे उत्तर मिळे. आता ‘म्हणजे तुम्हाला फाइलची काळजी वाटते आहे, असे म्हणायचे आहे का?’ असे मिळते. फाइल पूर्वीइतकीच बेपत्ता असते.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्येच प्रशिक्षण जोखण्याच्या चार पायऱ्या सांगून ठेवल्या आहेत: ते आवडले का, त्यातून काही शिकलात का, वागणे बदलले का आणि कामात फरक पडला का. आम्ही पहिल्याच पायरीवर फतकल मारली, कारण अभिप्रायाचा कागद दिल्याखेरीज प्रमाणपत्र हाती पडत नव्हते आणि पिशवी खांद्याला अडकवून उभ्या-उभ्या प्रत्येकाने 5 पैकी 5 गुण देऊन टाकले.

तीन महिन्यांनी चौथ्या पायरीची आठवण होऊन साहेबांनी मला बोलावले. “प्रशिक्षणामुळे तुमच्या कामात नेमका काय फरक पडला?”

मी किंचित पुढे झुकलो, नजरेला नजर दिली आणि म्हणालो, “म्हणजे कामं अजून का रखडली आहेत, असं तुम्हाला विचारायचं आहे का, सर?”

“तुमची गैरसोय मी समजू शकतो,” साहेब अत्यंत मृदू स्वरात म्हणाले आणि त्यांनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला.