हिशेब मागू नये, असं लिहिलंय!

सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या, खजिनदारपदी निवड झाली? अभिनंदन! गब्बाय म्हणतात या पदाला. मान मोठा, पगार शून्य, तेव्हा पगाराची सोय आपली आपणच बघायची. त्याआधी जुने ग्रंथ तेवढे कुलपात घाला. ते लिहिणाऱ्यांचा माणसावर, त्यातही भल्या माणसावर, काडीचा विश्वास नव्हता.

मिश्ना या ज्यूंच्या जुन्या नियमग्रंथातलं 'शेकालीम' प्रकरणच घ्या. यरुशलेमच्या मंदिराच्या कोठीतून पैसे काढायला जाणाऱ्याने दुमडीचा झगा घालायचा नाही. जोडा नको, चप्पल नको, ताईतसुद्धा नको. का, तर उद्या तो कंगाल झाला तर लोक म्हणणार, कोठीचं पाप भोवलं. गबर झाला तर म्हणणार, कोठीवरच झाला. मिश्नावरच्या चर्चांचा ग्रंथ म्हणजे तालमूद; त्यातला यरुशलेमी तालमूद आणखी पुढचं सांगतो. आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत त्याच्याशी बोलत राहायचं, म्हणजे गालात नाणं दडवायला नको! मग तोंडात पाणीच का भरू नये, असंही कुणीतरी विचारलंय. उत्तर : मग तो आशीर्वचन कसं म्हणणार? तुम्ही बिनधास्त चार खिशांचं जाकीट घाला. हल्ली पैसा गालातून नाही, व्हाउचरमधून जातो.

दान गोळा करायचं दोघांनी, वाटायचं तिघांनी, असंही एक खूळ आहे. रस्त्यात नाणं सापडलं तरी गब्बायने ते स्वतःच्या खिशात टाकायचं नाही; दानाच्या थैलीत टाकायचं आणि घरी गेल्यावर काढून घ्यायचं. बघणाऱ्याला काय ठाऊक, कुठलं नाणं ते! असो. तुमचे दुसरे आणि तिसरे, मेहुणा आणि भाचा.

आता कामाची गोष्ट. बाबिलोनी तालमूदातलं 'बाबा बात्रा' प्रकरण, पान 9 : दान गोळा करणाऱ्यांकडे हिशेब मागू नये. हे वाक्य फ्रेम करून ऑफिसात लावा. आधार बायबलमधल्या योआश राजाच्या काळचा आहे. मंदिराची दुरुस्ती करून घेणाऱ्यांकडे तेव्हा हिशेब मागत नसत, 'कारण ते सचोटीने वागत'. ही कारणाची ओळ फ्रेमच्या पट्टीखाली जाईल एवढं सुताराला सांगा. बायबलच्या त्याच अध्यायात, राजाचं तेविसावं वर्ष उजाडलं तरी याजकांनी दुरुस्तीला हात लावला नव्हता, म्हणून झाकणाला भोक पाडलेली पेटी ठेवावी लागली आणि राजाचा चिटणीस व महायाजक मिळून पैसे मोजू लागले. तेवढं मागे कोण वाचतं?

धोका एकच, क्राकोचे रब्बी मोशे इसरलेस. सोळाव्या शतकात या गृहस्थांनी हिशेब न मागण्याच्या नियमाला पुस्ती जोडली, की तरीही आपण होऊन हिशेब दिलेला बरा. सभेत त्यांचं नाव निघालं की चहा आला म्हणा.

आणि बायबलमधल्या मोशे प्रेषिताची (मोझेसची) गोष्ट मुलांना सांगू नका. देवाच्या निवासमंडपासाठी त्याने चांदी गोळा केली. 6,03,550 माणसांचा अर्धा-अर्धा शेकेल, म्हणजे 100 किक्कार (एक किक्कार म्हणजे 3,000 शेकेल) आणि 1,775 शेकेल चांदी. मिद्राश, म्हणजे बायबलवरच्या जुन्या कथा-टीका, सांगतो, पाठीमागे लोक कुजबुजत होते, 'मान बघा त्याची, मांड्या बघा!', म्हणजे आपल्याच पैशावर पोसलाय; म्हणून तो, कुणी न मागता, हिशेब द्यायला बसला आणि नेमके वरचे 1,775 लागेनात. घाम फुटला. वर पाहिलं तर मंडपाच्या खांबांवरच्या चांदीच्या आकड्या! हरवलेला आकडा आकड्यांत सापडला.

तुमचा फरक निघाला तर तुम्हीही वर बघा. नवं झुंबर आहे. बिल नाही, पण लटकतंय ना?