‘क्लॅम्प ढिला लावला’ म्हणणाऱ्या ताईंना दुकानाकडून उत्तर

ताई नमस्कार. तुमचा रिव्ह्यू काल रात्री शटर ओढताना वाचला. सागवानी फ्रेमच्या दोन कोपऱ्यांत फट पडली, एवढ्या हौसेनं लावलेलं वॉल हँगिंग त्यात वाईट दिसतंय, त्याबद्दल सॉरी. फोटोत फट दिसतीय, मी नाही म्हणत नाही.

पण "यांना जोड आवळताच येत नाही, क्लॅम्प ढिला लावला असणार" हे जे लिहिलंय ना, ते लै लागलं ओ. क्लॅम्प म्हणजे फेविकॉल सुकेपर्यंत जोड दाबून धरणारा शिकंजा, आमच्याकडं तो पट्ट्याचा असतो. वडिलांपासूनचं दुकान आहे आमचं.

कोपऱ्याच्या ४५ डिग्रीच्या तिरक्या कटला एकाच बाजूनं दाब दिला की तुकडा घसरतो, म्हणून आम्ही चारी बाजूंनी पट्टा फिरवून चारी कोपरे एकदम आवळतो, कोपऱ्यांना ठोकळे लावतो म्हणजे पट्टा लाकडात रुतत नाही आणि दाब जोडावरच येतो. त्याआधी कापलेल्या तोंडाला फेविकॉलचा पातळ हात, कारण ते तोंड फेविकॉल पिऊन टाकतं, थोडं थांबून दुसरा हात. मग दोन्ही कर्ण टेपनं मोजायचे, सारखे आले म्हणजे फ्रेम काटकोनात बसली. तुमच्या फ्रेमचे मी स्वतः मोजले, सारखे होते. फ्रेमला आठ कट असतात, प्रत्येकात अर्धा डिग्री जरी चुकलं असतं तरी शेवटच्या कोपऱ्यात ४ डिग्रीची फट तिथंच दिसली असती, आणि नेताना तुम्हीच कोपऱ्यावरून बोट फिरवून "छान बसलंय" म्हणालात की.

आता खरं काय झालं ते सांगतो. सकाळी ११ ला फ्रेम आवळली. फेविकॉलला पूर्ण ताकद यायला २४ तास लागतात, मी उद्या या म्हणालो होतो. तुम्ही दुपारी २ ला आलात, संध्याकाळी वास्तुशांतीचे पाहुणे येणार, आत्ताच पाहिजे. तीन तासात पट्टा सोडला, आणि भाऊंनी मोटरसायकलवर मागं बसून एका कोपऱ्याला धरून नेली, सगळं वजन त्याच जोडावर. मी तेव्हा ठाम नाही म्हणायला पाहिजे होतं, ती माझी चूक. कोपऱ्यात खाच पाडून लाकडी पट्टी बसवू, ४०० जास्त होतील, हेपण सांगितलेलं, तुम्ही नको म्हणालात, ठीक आहे, पैसे तुमचे.

अजून एक, फोटो नीट बघा, फट आतल्या बाजूला आहे, बाहेरचं टोक चिकटलेलंच आहे. लाकूड वाळलं की रुंदीत आकसतं, लांबीत जवळजवळ नाही, त्यामुळे ४५ चा कट आतून उघडतो. फ्रेम एप्रिलमध्ये नेली, आपल्या सोलापूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको, आणि वर पत्रा आहे असं तुम्हीच म्हणाला होता. कच्चा जोड असं ओढणं कसं सहन करणार? पट्टा कितीही आवळलेला असू दे.

इथून पुढं घाईच्या ऑर्डरीचं काहीतरी ठरवायचं बघतोय, बिलावर लिहून वगैरे.

फ्रेम घेऊन या ताई, सोमवार सोडून कधीपण. जोड उघडून परत बसवतो, पट्टीसकट, पैसे नको. दोन दिवस दुकानात राहील. येताना रिक्षा करा, आडवी ठेवून आणा, भाडं मी देतो. स्टार राहू दे एकच, तेवढं क्लॅम्प ढिला लावला हे वाक्य जमलं तर काढा, ते वाचून कालपासून दोन गिऱ्हाइकांनी विचारलंय.