चित्राआधी सर्पिल आखायला सांगणाऱ्या संदेशाबद्दल

चित्रकलेच्या इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेची तयारी करणारी माझी भाची परवा स्मरणचित्राचा सराव करायला बसली आणि भाजीबाजार आठवण्याऐवजी पट्टी-कंपास घेऊन पाव इम्पीरियल कागदावर चौकोनात चौकोन आखू लागली. विचारले तर म्हणाली, "मामा, आधी ही गोगलगाय काढायची, मग चित्र आपोआप जमतं." पालकांच्या गटांतून फिरणारा 'चित्ररचनेचे चार गुप्त नियम' हा संदेश तिच्यापर्यंत पोहोचला होता. त्यात म्हटले आहे की प्रत्येक महान चित्रात सुवर्ण गुणोत्तराचे सर्पिल असते, म्हणजे ज्याची लांबी रुंदीच्या सुमारे १.६२ पट आहे अशा आयतात गोगलगाईच्या शंखासारखी वळत जाणारी रेषा, म्हणून तेच आधी आखावे. मुख्य विषय कधीही मध्यभागी ठेवू नये. तृतीयांशाचा नियम, म्हणजे कागदाचे उभे-आडवे तीन समान भाग पाडून विषय त्या रेषांवर ठेवायचा, हा लिओनार्दो दा विंचीने घालून दिला. आणि वस्तू नेहमी विषम संख्येतच असाव्यात.

सर्वांत जास्त नुकसान पहिल्या नियमाने होते. आखणीत भाचीची वीस मिनिटे गेली. सर्पिलाचा गाभा कागदाच्या वरच्या उजव्या भागात आला, म्हणून भाजीवालीला तिकडे कोंबावे लागले आणि टोपल्या कडेला कापल्या गेल्या. रेषा खोडताना कागदाचा पोत इतका खराब झाला की जलरंगाचा पहिला हात देताच तिथे डाग उठले. मंडईत ही मुलगी आईबरोबर दर आठवड्याला जाते; तराजू धरणारा हात कसा ताणलेला असतो हे तिला चांगले ठाऊक आहे, पण तो आठवायला तिला वेळच उरला नाही.

शिवाय दावाच खोटा आहे. मोनालिसाचे चित्र ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे गुणोत्तर सुमारे १.४५, सुवर्ण गुणोत्तर सुमारे १.६२ असते. पूर्ण चित्रावर सर्पिल बसत नाही, म्हणून संदेशातल्या छायाचित्रात चेहऱ्याभोवतीचा सोयीचा आयत निवडून ते बसवले आहे. आयत हवा तिथे घ्यायचा आणि सर्पिल हवे तसे फिरवायचे ठरवले, तर ते कोणत्याही चित्रात सापडेल. गणितज्ञ जॉर्ज मार्कोव्स्की यांनी १९९२ साली 'कॉलेज मॅथेमॅटिक्स जर्नल'मधील लेखात अथेन्सचे पार्थेनॉन मंदिर, गिझाचा पिरॅमिड आणि लिओनार्दोची चित्रे यांच्याबद्दलचे असे दावे एकेक करून तपासले आणि ते मोजमापाच्या सोयीस्कर निवडीवर उभे असल्याचे दाखवले. इटालियन गणितज्ञ लुका पाचिओलीच्या १५०९ साली छापलेल्या, याच गुणोत्तरावरील ग्रंथासाठी लिओनार्दोने घनाकृतींची चित्रे काढली होती, एवढे मात्र खरे. पण गुणोत्तर ठाऊक असणे आणि त्यावर चित्र बेतणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मध्यभागाच्या नियमात अर्धे सत्य आहे, हे मला मान्य करावे लागते. नवशिकी मुले एकच मडके कागदाच्या मधोमध, चारी बाजूंना सारखी जागा सोडून काढतात आणि चित्र निर्जीव दिसते. परंतु 'कधीही नाही' हे साफ चूक आहे. लिओनार्दोच्याच 'शेवटचे भोजन' या भित्तिचित्रात येशू मध्यभागी आहे आणि यथार्थदर्शनाच्या, म्हणजे खोलीचा भास देणाऱ्या, रेषा त्याच्या उजव्या कानशिलापाशी एकत्र येतात. चित्रकार सावळाराम हळदणकरांचे 'ग्लो ऑफ होप' हे चित्र मैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. त्यात दिवा घेतलेली स्त्री उभ्या चौकटीत जवळजवळ मधोमध उभी आहे, तरी नजर आधी जाते ती दिव्याआड धरलेल्या तळव्याकडे, कारण भोवतालच्या अंधारात बोटांमधून झिरपणारा उजेड तिथेच आहे. केंद्रबिंदू जागेपेक्षा छायाभेदाने, म्हणजे उजळ-गडद यांतल्या फरकाने, ठरतो, हे मुलांना दाखवायला याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

तृतीयांशाचा नियम या नावाने मांडला तो इंग्रज खोदचित्रकार जॉन थॉमस स्मिथ यांनी, १७९७ साली. लिओनार्दो १५१९ साली वारला होता. विषम संख्येबद्दल इतकेच सांगतो की परीक्षेतल्या स्थिरचित्रात वस्तू आधीच मांडून ठेवलेल्या असतात, त्यामुळे तो सल्ला तिथे निरुपयोगी आहे.

भाचीला मी नव्या कागदाच्या मागच्या बाजूला काड्यापेटीएवढ्या चार चौकटी काढायला लावल्या आणि प्रत्येकीत फक्त गडद, मध्यम आणि उजळ अशा तीन छटा भरायला सांगितल्या. त्याला दहा मिनिटे पुरली. तिसऱ्या चौकटीत भाजीवाली मधल्या भागातच आली, पण तिचा तराजूचा हात उजळ भिंतीसमोर गडद उमटला आणि टोपल्या एकीमागे एक सरकत तिच्यापर्यंत पोहोचल्या. तीच चौकट तिने मोठी करायला घेतली आहे.